ताईंनी न खाल्लेला पाव

मला शुगर निघाली आणि घरात, दुकानात, गल्लीत जिकडे तिकडे डॉक्टरच डॉक्टर झाले. ज्यांना स्वतःची सर्दी आवरता येत नाही ते मला पथ्य शिकवायला लागले. सुनेनं चहातली साखर बंद केली. शेजारीण म्हणाली, भाताकडे बघूसुद्धा नका. आणि माझा धाकटा भाऊ, जो माझ्या हाताखाली पीठ मळायला शिकला आणि शिकणं अर्ध्यावर टाकून गल्ल्यावर जाऊन बसला, त्यानं माझा तुकडा बंद केला.

तुकडा बंद केला म्हणजे काय, ते आमच्या बेकरीबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. बाबांनी ही बेकरी उभी केली तेव्हापासून एक रीत आहे. ज्यानं पीठ मळलं त्यानंच त्या दिवसाच्या पहिल्या पावाचा पहिला तुकडा खायचा. आत लपून नाही, शटर वर झाल्यावर, काउंटरशी उभं राहून, गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर. जितक्या प्रकारचे पाव तितके तुकडे. आणि मळणाऱ्यानं जो खाल्ला नाही तो पाव विकायचा नाही. एकदा कडवट लागला म्हणून बाबांनी आख्खी भट्टी परत फिरवली होती, लोक रिकाम्या पिशव्या घेऊन घरी गेले होते, आणि दुसऱ्या दिवशी तेच लोक पुन्हा दारात उभे होते.

बाबा गेले आणि पीठ माझ्याकडे आलं, त्याच्याबरोबर तुकडाही. पीठ मळायच्या त्या पाटाशी माझे केस पांढरे झाले. आमच्या रस्त्यावर सकाळी कुणी ‘पाव आला का’ असं विचारत नाही, ‘ताईंचा झाला का’ असं विचारतात. तर असा तो तुकडा. आणि हा शहाणा मला म्हणतो, “ताई, उद्यापासून तुकडा भट्टीवाला खाईल.”

भट्टीवाला म्हणजे आमच्याकडचा जुना माणूस, दिवसातून चार शब्द बोलला तर खूप. तो म्हणाला, “मळलंय कोणी? मी नाही,” आणि भट्टीत फळी सरकवायला वळला. झालं. त्याच्याकडून काही होत नाही म्हटल्यावर धाकट्यानं मलाच बाजूला केलं.

“शुगर असलेल्या बाईला पाव खाताना बघून लोक काय म्हणतील? की हे स्वतःच्या बहिणीचा जीव घेतायत. तू आता आराम कर.”

आराम हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी म्हटलं, “मला शुगर झालीये, अक्कल गेलेली नाही माझी.” पण तो साखर पेरून बोलत राहिला, तुझ्या भल्यासाठी, तुझ्या काळजीनं, आणि बोलता बोलता माझा ॲप्रन खुंटीवरून काढून त्यानं घडी घालून माझ्याच हातात दिला. थोडे दिवस घरी बस, तोवर पीठ मी मळतो, म्हणाला. मी बसले. का बसले याचा मला आजही राग येतो. तेव्हा मी घाबरले होते, हे खरं कारण. आमच्या आईचा पाय शुगरनं गेला होता.

घरी माझ्या सुनेचं राज्य. मनानं सोन्यासारखी पोर, पण ऐकीव गोष्टींवर फार विश्वास. तिचा हिशेब सोपा होता. गोड असेल ते वाईट, गोड नसेल ते चांगलं, आणि फळांचं असेल ते औषध. त्यामुळे सकाळी मला हा एवढा मोठा ग्लास भरून संत्र्याचा रस. वर तिनं सांगायचं, “आई, एक दाणा साखर घातलेली नाही.” अकरा वाजता शुगर-फ्रीची बिस्किटं, कितीही खा म्हणून डबा समोर ठेवलेला. दुपारी पातळ पेज, कारण ती हलकी. आणि मला आपलं सारखं झोपाळल्यासारखं, तोंड कोरडं, पायांत गोळे. मी म्हटलं, आराम बहुतेक असाच असतो.

डॉक्टरीणबाईंकडे गेले तेव्हा त्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. वयानं माझ्या सुनेएवढ्या, बोलायला एकदम तुटक.

“रस कोणी सांगितला?”

“सुनेनं.”

“बिस्किटं?”

“तिनंच.”

“शुगर-फ्री म्हणजे साखर नाही घातली, एवढंच. मैदा आहे ना? मैद्याची पोटात साखरच होते. भाताची होते, बटाट्याची होते, पावाची होते. जिभेला गोड लागतं का, हा प्रश्नच नाही. किती येतं आणि किती वेगानं येतं, हा प्रश्न आहे.”

मग त्यांनी इन्शुलिनचं सांगितलं. ते रक्तातली साखर उचलून अंगात जिथे पाहिजे तिथे पोचवतं. माझ्यात ते कमी पडतंय, आणि जे आहे त्याला अंग पहिल्यासारखं दाद देत नाही. मी म्हटलं, म्हणजे आमच्याकडे पिठाचा ट्रक येतो तसं. हमाल मोजकेच, तेही दमलेले. ट्रकवाल्यानं एकेक पोतं दिलं तर ते बिचारे गोदामात लावतात. त्यानं फाळका उघडून सगळी पोती एकदम खाली लोटली तर रस्ताच अडतो. बाई पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, “तसं समजा. रस म्हणजे उघडलेला फाळका. संत्रं सोलून चावून खाल्लंत तर जरा बरं. डाळी, अंडी, पालेभाजी हे सावकाश जाणारे.”

त्यांनी मला बोट टोचून मोजायचं मशीन घ्यायला लावलं, आणि निघताना एक गोष्ट दोनदा सांगितली. “सकाळी उपाशीपोटी मोजता ते ठीक. पण त्यावरून जेवणाचं काही कळत नाही. पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी मोजा. अन्न काय करतं ते तेव्हा दिसतं.”

मग मी पेटलेच. सगळे मला सांगत होते काय खा, काय खाऊ नको, आता मी माझ्या रक्तालाच विचारणार होते. पहिल्याच सकाळी उपाशीपोटी मोजलं, एकशे अठरा. सुनेचा रस घटाघटा प्यायले, दोन तास थांबले, पुन्हा मोजलं. दोनशे पंचावन्न. मशीन तिच्या नाकासमोर धरलं. तिचा चेहरा इतका उतरला की मलाच वाईट वाटलं. पण तिच्यात एक गुण आहे, चूक दिसली की ती वाद घालत नाही. ग्लास उचलून मोरीत ओतला आणि म्हणाली, “आई, आता बिस्किटांचं बघू.” बिस्किटांनीही रंग दाखवला. तो डबा तिनं स्वतःच्या हातानं बाहेर काढला.

त्यानंतर आम्ही दोघी सासू-सुना नुसत्या मोजत सुटलो. दोन उकडलेली अंडी खाल्ली, आकडा जागचा हलला नाही म्हटलं तरी चालेल. ताटभर भात खाल्ला तर आकडा वर, तोच भात मूठभर घेऊन बरोबर वाटीभर राजमा आणि पालेभाजी घेतली तर आकडा समजूतदार. केळं पिकलेलं वेगळं बोलायचं, कच्चट वेगळं. उकडलेला बटाटा, ज्याच्यावर माझा फार जीव, तो पक्का लबाड निघाला. बटाट्याबद्दल मला खरंच दुःख झालं.

आणि पाव. तो मी शेवटी ठेवला होता, भीती वाटत होती म्हणून. सुनेनं आमच्याच बेकरीतला आमचा साधा पांढरा पाव आणला. नुसते चार तुकडे चहाबरोबर खाल्ले, तर आकडा दोनशे चाळीसच्या वर. दुसऱ्या दिवशी आधी अंडी, आधी भाजी, मग एकच तुकडा, मग चपला घालून रस्त्याच्या टोकापर्यंत आणि परत. दोन तासांनी एकशे बेचाळीस. मी सुनेला म्हटलं, “पुन्हा मोज.” तिनं पुन्हा मोजलं, तेवढाच. मी खुर्चीत बसून रडले, सांगायला लाज कसली. एक तुकडा माझा होता. कोणाच्या बापाला तो काढून घेता येणार नव्हता.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, चालेल, गोळ्या वेळेवर घ्या आणि मोजत राहा. वर बजावलं, “हे तुमचं गणित आहे. दुसऱ्याला वाटू नका. दुसऱ्याचं वेगळं येतं.”

मी ॲप्रन इस्त्री करायला काढला. त्याच संध्याकाळी धाकटा स्वतःहून घरी आला. हातात पाव, चेहऱ्यावर तेज.

“ताई, तुझा तुकडा तुला परत द्यायला आलोय.”

पाव ब्राउन होता. वर तीळ, जवस, सूर्यफुलाच्या बिया शिंपडलेल्या, वेष्टनावर हिरवं पान. तो म्हणाला, मी घरी बसले तेव्हापासून तो स्वतः हा पाव काढतोय, तयार पिठाची पोती येतात, त्यात फक्त पाणी आणि यीस्ट घालायचं. मधुमेहवाल्यांसाठी खास. रांग लागते म्हणाला. मळायचं काम आता मी हातात घ्यायचं, रोज सकाळी याचा तुकडा खायचा आणि लोकांना सांगायचं की बघा, मी खाते.

“आणि पांढऱ्याचा?”

“पांढऱ्याचा नाही. पांढरा तुला विष आहे.”

मला इतका आनंद झाला होता परत बोलावल्याचा, की मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे गेले तर दुकानावर नवा फलक. त्यावर माझा फोटो, कुठल्याशा लग्नातला, गाल फुगलेले. खाली लिहिलेलं, ‘आमच्या ताई रोज हाच खातात. साखर शून्य.’ मी तोपर्यंत त्या पावाचा कण खाल्लेला नव्हता.

“मी खाल्लेला नसताना हे कसं लिहिलंस?”

“खाशीलच की आता. आणि मी मळतोय, मी रोज खातोय ना, रीत मोडलेली नाही,” तो म्हणाला.

मी हात धुऊन पोत्याकडे गेले. पीठ भिजवलं आणि हाताला लगेच कळलं. कोंड्याच्या पिठाचा गोळा ओढला की तुटतो, चिडक्या माणसासारखा. हा रबरासारखा लांब झाला. मैदाच होता तो. पोत्यावरची बारीक अक्षरं भट्टीवाल्याकडून वाचून घेतली, माझा चष्मा घरी होता. सगळ्यांत आधी मैदा, कोंडा पार शेवटाकडे, आणि मध्ये रंगासाठी जळक्या साखरेचा पाक. साखर शून्य म्हणे.

तरी मी म्हटलं, हात फसू शकतो, रक्ताला विचारू. त्या दिवशीचं बाकी पीठ धाकट्यानंच मळलं, तुकडाही त्यानंच खाल्ला, आणि मी एक पाव घरी नेला. पांढऱ्याचे जसे नुसते चार तुकडे खाल्ले होते तसेच याचे चार खाल्ले. दोन तासांनी दोनशे छत्तीस. पांढऱ्यात आणि याच्यात फरक होता तो बियांचा आणि हिरव्या पानाचा.

दुपारी जाऊन मी धाकट्याला आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं नाही. म्हणाला, “तू आज पहाटे इथे पाटाशी बसून मोजलंस तेव्हा किती होती?”

“एकशे सोळा.”

“मग? ती चांगली आहे ना? रोज सकाळी चांगलीच असते तुझी. मग कुठे बिघडलं?”

“अरे, ती खाण्याच्या आधीची. पावानं काय केलं ते त्यात कसं दिसणार? भट्टी पेटवायच्या आधी पाव भाजला का बघतोस का तू?”

“लोकांना एवढं कळत नाही.”

“म्हणून तर सांगायचं.”

तेव्हा त्याचा आवाज बदलला. हा पाव आता दुकानाचा कणा आहे, म्हणाला. बाबांच्या काळी लोक मुकाट्यानं पांढरा घेत, आता प्रत्येक जण वेष्टन वाचतो. “उद्या सकाळी लोकांसमोर हा तुकडा खा. नाहीतर ॲप्रन ठेवून जा. पुन्हा पाटाला हात लावायचा नाही.”

हे त्यानं मला सांगावं, त्या पाटाशी उभं राहून. मी तशीच बाहेर पडले. तोंड उघडलं असतं तर शिव्याच निघाल्या असत्या.

समोरच्या शिंपीकाकांच्या दुकानात जाऊन बसले. माझ्याहून थोडे मोठे, बाबांच्या वेळेपासूनचे आमचे गिऱ्हाईक, शुगर त्यांना माझ्या कितीतरी आधीपासून. शिलाई मशीनचं पायडल ते डाव्या पायानं मारत होते. उजवा पाय चपलेतून काढून स्टुलावर ठेवलेला, अंगठ्याखाली पट्टी. पट्टी ओली होती.

“काय झालं पायाला?”

“काही नाही, चप्पल चावली. भरत नाहीये जरा.” मग माझ्याकडे बघून हसले. “तुम्ही लाजवाब पाव काढलात हं, ताई. आयुष्यात पहिल्यांदा पोटभर खातोय. सकाळी चार तुकडे, रात्री चार. गोळीसुद्धा आता एकच घेतो, दुसरी सोडली.”

“कोणी सांगितलं सोडायला?”

“कोणी कशाला सांगायला पाहिजे? तुमचा फोटोच आहे की वर. म्हटलं, ताई ज्याला हात लावतात त्यात खोट नसते. तुम्ही खाता, मग मला काय होणार आहे?”

मला आई आठवली, तिच्याही पायाची सुरुवात अशीच, चप्पल चावली म्हणून. मी काकांना म्हटलं, “दुसरी गोळी आजपासून पुन्हा चालू करा. आणि हा पाय आजच दाखवा.” ते म्हणाले, हातातला कोट उद्या द्यायचाय, मग बघतो. म्हणाले, “एवढी काय काळजी करता, पाव आहे ना आता.” माझ्या नावावर त्यांनी पाय पणाला लावला होता आणि त्यांना ते कळतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दोन्ही पिठं मळली. भट्टीवाल्यानं दोन्ही पाव काढले. मी डब्यातून आणलेली अंडी आणि भाजी पाटाशी उभी राहून खाल्ली. धाकटा बघत होता, त्याला वाटलं मी नमले. त्यानं उत्साहानं शटर वर केलं. रांग होती. शिंपीकाका लंगडत दुसऱ्या नंबरावर.

मी आधी पांढरा पाव घेतला, कापला, आणि सगळ्यांसमोर तुकडा तोंडात घातला. धाकट्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “ताई,” तो दातओठ खात कुजबुजला. मी सावकाश चावून खाल्ला. इतक्या दिवसांनी काउंटरशी उभं राहून खाल्लेला तो तुकडा, त्याची चव मी कुणाला सांगू शकणार नाही. मग ब्राउन घेतला. कापला. तुकडा फळीवर ठेवला आणि सुरी खाली ठेवली.

“हा मी मळलाय,” मी म्हटलं, “आणि हा मी खाणार नाही.”

रांगेत चुळबूळ झाली. जुन्या गिऱ्हाइकांना याचा अर्थ माहीत होता. एक बाई पुढे केलेली पिशवी मागे घेऊन उभी राहिली.

धाकटा सगळ्यांकडे बघून हसायला लागला. “ताईंची तब्येत जरा नरम आहे.”

“तब्येत उत्तम आहे. हा पाव मधुमेहवाल्यांचा नाही. मैदा आहे, वरून रंग आहे. माझी शुगर यानं पांढऱ्याइतकीच वाढली, मी मोजून बघितली. पांढराही वाढवतो. त्याचा मी एकच तुकडा खाते, आधी अंडी आणि भाजी खाऊन, आणि ही रांग संपली की बाहेर फेरी मारून येणार आहे. पण पांढरा स्वतःला पांढरा म्हणवतो. आणि तो फोटो माझा आहे, पण खालचे शब्द माझे नाहीत. काका, तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून गोळी सोडलीत. मी हा पाव कधी इथे उभी राहून तुमच्यासमोर खाल्ला नव्हता.”

शिंपीकाकांनी आपल्या पायाकडे बघितलं.

धाकट्याचा तोल गेला तो तिथे. त्यानं फळीवरचा तुकडा उचलून तोंडात कोंबला, सुरी घेऊन आणखी कापला, तोही. तोंड भरलेलं असतानाच बोलायला लागला. “मी खातो. इतके दिवस मीच मळलाय आणि मीच खाल्लाय. सकाळी खातो, रात्री घरी नेऊन खातो. दुसरं काही खातच नाही मी. मला काय झालंय? सांगा, काय झालंय मला?”

मी त्याच्याकडे बघितलं. म्हणजे भांडायला नाही, नीट बघितलं, पुष्कळ दिवसांनी. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल. गालाची हाडं वर आलेली. रागात मी त्याच्या तोंडाकडे बघायचंच सोडलं होतं.

“बोट दे,” मी म्हटलं.

“घे,” म्हणाला, आणि छाती काढून हात काउंटरवर आपटला. पिशवीतलं मशीन काढून, नवीन सुई लावून मी टोचलं. मशीननं थोडा वेळ घेतला. तीनशे एकाहत्तर.

त्यानं आकडा वाचला. “आत्ता खाल्लं ना मी. म्हणून.”

“आत्ताचं अजून गळ्याखाली उतरतंय. हे आधीचं आहे.”

“मशीन बिघडलंय.”

“हात धू. साबणानं. बोटाला पाक लागला असेल तरी खोटा आकडा येतो. पुन्हा मोजू.”

तो मोरीवर गेला. आम्ही सगळे नळाचा आवाज ऐकत उभे होतो. परत आला तेव्हा हात नीट पुसून आला होता, आणि या खेपेला हात आपटला नाही, हळूच पुढे केला. मी दुसऱ्या बोटाला टोचलं. मनातल्या मनात म्हणत होते, कमी येऊ दे, मी हरले तरी चालेल, कमी येऊ दे. तीनशे चोपन्न.

तो मला ऐकू येईल एवढंच बोलला. “मला माहीत होतं, ताई.”

“काय माहीत होतं?”

“रात्रीतून पाचदा उठतो. पाणी प्यायलो तरी तहान जात नाही. आईचं असंच झालं होतं. तुझी निघाली तेव्हाच मला कळलं की माझीही असणार. तपासायला गेलो नाही. म्हटलं हा पाव काढू, हाच खाऊ, होईल कमी.” “मी फक्त विकायला नव्हता काढला गं.”

एवढा राग होता माझ्या पोटात, कितीतरी दिवसांचा साठलेला, आणि तो टाकायला आता जागाच उरली नाही. मला त्याचे कान उपटावेसे वाटत होते आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटत होतं. दोन्हीतलं काहीच केलं नाही. रांग बघत होती.

“आत्ताच्या आत्ता डॉक्टरीणबाईंकडे जायचं,” मी म्हटलं. “पाणी पीत जा. आणि शिंपीकाकांना बरोबर ने. त्यांचा पाय दाखवायचाय आणि त्यांनी गोळी का सोडली ते तू सांगायचंस. तू. ते नाही.”

“आणि दुकान?”

“दुकान मी बघते. इतकी वर्षं कोण बघतंय?”

“हा सगळा माल...”

“जाईल परत. मळणाऱ्यानं खाल्लेला नाही.”

तो काउंटरच्या बाहेर आला. शिंपीकाकांसमोर उभा राहिला. मग त्यानं त्यांच्या कोपराला धरलं. काका म्हणाले, “चल बाबा, तुझं माझं एकाच रस्त्याला आहे.” दोघं निघाले. काकांना पाय टेकवत नव्हता, म्हणून धाकटाही आपली चाल कमी करत करत चालला होता.

भट्टीवाल्यानं स्टूल घेऊन बाहेर जाऊन फलक उतरवायला सुरुवात केली, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी ब्राउनचे ट्रे एकेक करून आत सरकवले. पिशवी मागे घेतलेली बाई अजून तिथेच होती. तिनं विचारलं, आता आमच्या घरच्या शुगरवाल्यांना काय द्यायचं.

“त्यांना मोजायला लावा,” मी म्हटलं. “खाल्ल्यावर. आणि डॉक्टरांना विचारा, पावाच्या वेष्टनाला विचारू नका. पांढरा देऊ का? हा साखर वाढवतो, आधीच सांगते.”

तिनं एक पाव घेतला. मी पैसे गल्ल्यात टाकले आणि पुढच्या माणसाकडे बघितलं.